हाताने शिकलेला आवाज

स्मरणिकेसाठी ध्वनी विभागाविषयी कुणीतरी लिहावे असे संपादक मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. विभागाचा साद्यंत इतिहास लिहिणे माझ्या आवाक्यातले नाही. अभ्यासक्रम कधी बदलला, कोणते यंत्र कोणत्या साली आले, हे कार्यालयातल्या फायली माझ्याहून चांगले सांगतील. मी दोनच गोष्टींविषयी लिहिणार आहे. एक, वर्गाबाहेर आपण हाताने केलेली कामे. दुसरी, धंद्यातल्या माणसांचे आपल्याकडे आणि आपले त्यांच्याकडे जाणे-येणे. मेळाव्यात भेटलो की आपण याच दोन गोष्टींच्या आठवणी काढतो. त्यांच्यात आठवणींपेक्षा अधिक काहीतरी आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

जागाच मुळी कारखान्याची

आपली फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. पण ज्या जागेत ती आली ती शाळेसाठी बांधलेली नव्हती. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या आवारात तिने स्टुडिओ उभारला. आपण ज्या फ्लोअरवर पहिल्यांदा बूम धरला, तिथे आपल्या आधी पोटासाठी काम करणारी माणसे राबून गेली होती. तुतारी वाजवणारी स्त्री हे ज्या कंपनीचे बोधचिन्ह, तिच्याच जागेत आवाजाचे शिक्षण सुरू व्हावे, हा योग चांगलाच म्हणायचा.

प्रभातचे विष्णुपंत दामले यांचे नाव आपण बहुतेक ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे एक दिग्दर्शक म्हणून घेतो. पण १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे ध्वनिमुद्रणही त्यांनीच केले होते. बोलपट नुकताच आला होता. आपल्याकडे हे शास्त्र शिकवणारी शाळा नव्हती. यंत्र आणायचे, उघडायचे, चालवायचे, चुकले की पुन्हा चालवायचे, हाच अभ्यासक्रम. मुळात पडदे रंगवणारा हा कलावंत हाताने ध्वनिमुद्रण शिकला आणि त्याच्याभोवतीची माणसे त्याच्याकडे पाहून शिकली.

पुण्यात आल्यावर याच आवारात १९३७ साली ‘कुंकू’ झाला. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे, प्रसंगातून निघणारे आवाज. ध्वनी विभागाच्या विद्यार्थ्याला ‘कुंकू’ एकदा डोळे मिटून ऐकायला सांगावा, म्हणजे साउंड डिझाइन हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट आपल्याच अंगणात होऊन गेली होती, हे त्याला कळेल.

पुढे संस्था आली तेव्हाही हाताने काम करणाऱ्यांनीच शिकवायचे, ही रीत राहिली. १९६५-६६ च्या सुमारास ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) मध्ये नायिकेच्या दुःखाच्या क्षणी चाबकाचा आवाज वापरणारा माणूस स्वतः समोर उभा राहून बोलत असेल, तेव्हा त्या वर्गाला काय वाटले असेल, याची आम्ही नंतरच्या तुकड्यांनी नुसती कल्पनाच केली. भास्कर चंदावरकर अनेक वर्षे इथे संगीत शिकवत होते आणि त्याच काळात बाहेर ‘घाशीराम कोतवाल’ला संगीतही देत होते. धंदा आणि वर्ग यांच्यामधली भिंत आपल्याकडे कधीच फार जाड नव्हती.

नाग्रा आणि बारा सेल

मी ऐंशीच्या दशकातला विद्यार्थी. आमच्या पिढीचे हत्यार म्हणजे नाग्रा. स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुदेल्स्की यांनी बनवलेले हे टेपरेकॉर्डर जगभर बाहेरच्या चित्रीकरणाला वापरले जात. पाव इंची टेप, टॉर्चमध्ये घालतात तसले मोठे बारा सेल आणि खांद्यावर चामड्याचा पट्टा. टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची, म्हणजे एका मिनिटाच्या आवाजाला जवळजवळ साडेअकरा मीटर टेप लागायची. झाकण बंद होईल असे पाच इंची रीळ लावले की पंधरा-सोळा मिनिटांत संपायचे.

हे आकडे आज हास्यास्पद वाटतील, पण आमचे शिक्षण त्या आकड्यांतच होते. पंधरा मिनिटेच मिळणार असतील तर माणूस बटण दाबायच्या आधी ऐकतो. आमचे रेकॉर्डिंगचे सर लोकेशनवर गेल्या गेल्या यंत्र उघडू द्यायचे नाहीत. आधी उभे राहून ऐकायचे. पंखा कुठे आहे, पाण्याची मोटर कधी चालू होते, शाळेची मधली सुट्टी किती वाजता होते, हे वहीत लिहायचे. मग माइक कुठे, हे ठरवायचे. रोज सकाळी हेड स्पिरिटने पुसणे, त्यावरचे चुंबकत्व काढणे, आणि शॉट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभे करून त्या जागेची नुसती शांतता एक मिनिटभर टेपवर घेणे ही कामे कुणी सांगायची वाट पाहायची नाही. ही शांतता घेताना दिग्दर्शनाचा विद्यार्थी नेहमी घड्याळ पाहायचा आणि एडिटिंगचा विद्यार्थी मनातल्या मनात आमचे आभार मानायचा. संवादांमधली भोके त्या शांततेनेच बुजवायची असतात, हे त्यालाच ठाऊक असे.

कॅमेरा आणि नाग्रा ही वेगवेगळी यंत्रे. दोन्हींचा वेग केसाएवढा जरी चुकला तरी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. म्हणून कॅमेऱ्याच्या वेगाची खूण म्हणून पायलट टोन टेपवर सोबत नोंदवायचा आणि नंतर आवाज मॅग्नेटिक फिल्मवर उतरवताना त्या खुणेशी वेग जुळवायचा. ही गोष्ट फळ्यावर तीन वेळा समजावून कळली नव्हती. डायलॉगच्या प्रॅक्टिकलला, ब्लिम्प घातलेल्या कॅमेऱ्याशेजारी बसून, आपलेच रीळ स्टीनबेकवर चढवले तेव्हा ती एका दुपारी कळली. डायलॉग, प्लेबॅक आणि शेवटी डिप्लोमा फिल्म, या तीन पायऱ्यांवर आपण चार शाखांचे विद्यार्थी एकमेकांशी भांडलो आणि त्या भांडणातूनच युनिट म्हणजे काय हे शिकलो.

गाव हाच वर्ग

संस्थेच्या भिंतीबाहेर पुणे होते, आणि आवाजाच्या विद्यार्थ्याला त्या काळचे पुणे म्हणजे पर्वणी. लॉ कॉलेजच्या टेकडीवर पहाटे मोर, पेठेत भांड्यांचे आळीभर पसरलेले ठोके, डिसेंबरात रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव. तिथे आम्ही गाणे ऐकायला जायचो हे खरे, पण बसायचो मात्र मिक्सरच्या जवळ. तानपुऱ्याचा माइक किती उघडला आहे आणि तबल्याचा किती, यावर रात्री सायकली हातात धरून चर्चा चालायची.

सर्वांत मोठा वर्ग भरायचा तो पालख्या पुण्यात यायच्या तेव्हा. ज्ञानोबा आणि तुकोबा या दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला. टाळ, मृदंग, विणा, मधून मधून उठणारा विठ्ठलाचा गजर, अनवाणी पावलांचा सरसर आवाज, रस्त्याकडेच्या लाउडस्पीकरवरच्या सूचना. एका माइकने हे सगळे घ्यायला गेले की टाळ बाकी सगळे गिळून टाकतात. पहिल्या वर्षी आमच्या तुकडीने दिंडीच्या मधोमध जाऊन ध्वनिमुद्रण केले आणि रिळावर निव्वळ पितळ आले. दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला तीन जागा वाटून दिल्या. एक जण गच्चीवर, एक जण रस्त्याच्या कडेला, आणि एक जण दिंडीबरोबर चालत, माइक खाली मृदंगाच्या उंचीवर धरून. तिन्ही रिळे मिक्सिंगला एकत्र लावली तेव्हा पालखी दुरून येत आहे, अंगावरून जात आहे आणि निघून गेली आहे, असे तिन्ही काळ ऐकू आले. एक म्हातारी वारकरीण हेडफोन कानाला लावून म्हणाली होती, “बाळा, मी चालताना मला एवढं ऐकू येत न्हाई.” आम्हाला मिळालेली ती पहिली दाद.

दुसरा वर्ग टॉकीजच्या प्रोजेक्शन रूममध्ये. आपले काम शेवटी पोचते कुठे, हे पाहायला आम्हाला लक्ष्मी रस्त्याच्या टोकाच्या एका थिएटरात नेले होते. फिल्मच्या कडेची आवाजाची बारीक नागमोडी पट्टी, तिच्यावर पडणारा एक्सायटर दिव्याचा प्रकाश, पलीकडे फोटोसेल. पट्टी जशी रुंद-अरुंद होईल तसा प्रकाश कमी-जास्त, आणि त्याचाच आवाज. चित्राच्या खिडकीसमोर फिल्म थांबत थांबत चालते, आवाजाला मात्र ती अखंड वाहती लागते, म्हणून आवाज चित्रापासून सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. ऑपरेटर काकांनी हे सगळे दाखवले आणि मग सहज म्हणाले, “तुम्ही तिकडे कितीही बारीक काम करा, दिव्याची काच धुरकटली असली की इथे सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं येतं.”

त्यांनीच आम्हाला शेवटच्या रांगेत नेऊन बसवले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पडद्यापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला तो एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे चोवीस चौकटींच्या हिशेबाने दोन चौकटींहून जास्त. एडिटिंग टेबलावर एका चौकटीसाठी रक्त आटवणाऱ्या आम्हाला हा हिशेब कुणी पुस्तकातून सांगितला असता तर आम्ही पाठ केला असता. तिथे बसून तो कळला.

मुंबईची वाट

व्ही. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी परळला राजकमल कलामंदिर सुरू केले. त्या राजकमलचे मिक्सिंग थिएटर पुढे आवाजाच्या लोकांचे पंढरपूर झाले, ते मुख्यतः मंगेश देसाई यांच्यामुळे. ‘शोले’ (१९७५) चे ध्वनिमिश्रण ज्यांच्या हातचे, ते हेच. प्रभातच्या आवारात शिकणारी आमच्यासारखी मुले डेक्कन क्वीन पकडून मुंबईला जात तेव्हा एका अर्थाने एकाच घराण्याच्या दुसऱ्या वाड्यात जात होती.

मुंबईतल्या भेटींत आम्ही फारसे बोलायचो नाही. मागच्या बाकावर बसून हात पाहायचे. त्या काळी मिक्सिंग म्हणजे संपूर्ण रीळ एका दमात. संवाद, संगीत आणि इफेक्ट यांच्या रिळांची यंत्रे एकत्र चालू व्हायची आणि कन्सोलवरचे हात दहा मिनिटे थांबायचे नाहीत. एखादी ढोलकी संवादावर चढणार, हे ती चढायच्या आधी अर्धा सेकंद हाताला कळलेले असायचे. ते ज्ञान कोणत्याही वहीत उतरवता येत नव्हते. पाहून, परत पुण्याला येऊन, आपल्या छोट्या कन्सोलवर तसेच करून पाहणे एवढाच मार्ग होता.

उलट दिशेनेही माणसे येत होती. टेलिव्हिजन प्रशिक्षणाचे काम १९७१ साली दिल्लीत सुरू झाले आणि १९७४ मध्ये ते पुण्याला आपल्या आवारात आले. दूरदर्शनचे नोकरीतले लोक तिथे प्रशिक्षणाला येत. कागदोपत्री ते विद्यार्थी, पण त्यांतल्या कित्येकांनी थेट प्रक्षेपणे केली होती. कँटीनमध्ये चहाच्या पेल्यावर त्यांच्याकडून जे मिळाले त्याला कोणी तासिका म्हणणार नाही. नेत्याच्या भाषणाला दोन माइक का लावतात, मैदानावर केबल कुठून ओढायची, पाऊस आला तर आधी काय झाकायचे. आणि तेही आमच्याकडून घेत. वर्तमानपत्राच्या घड्या घालून फुटणाऱ्या विटेचा आवाज कसा करायचा, हे एका केंद्रावरच्या अनुभवी तंत्रज्ञाने आमच्या फोलीच्या प्रॅक्टिकलला येऊन शिकून घेतले होते.

मुंबईहून कार्यशाळेला येणारे रेकॉर्डिस्ट आपापली पद्धत घेऊन यायचे. एकजण पहिल्या दिवशी यंत्राला हातच लावायचे नाहीत. शांताराम तलावाच्या काठावर बसवून पाच मिनिटे ऐकायला लावायचे आणि मग प्रत्येकाने काय ऐकले ते वाचून दाखवायचे. एकाच जागेच्या वीस याद्या आणि वीसही वेगळ्या. ते म्हणायचे, माइक सगळ्यांना सारखाच मिळतो.

धंद्याला नको असलेली विद्या

आता या लेखातल्या माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपण शिकत होतो ती थेट ध्वनिमुद्रणाची, म्हणजे सिंक साउंडची कला तेव्हाच्या हिंदी चित्रपटाला जवळजवळ नको होती. साठच्या दशकापासून हलके पण खडखडाट करणारे कॅमेरे आले, चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेले, नट एका दिवसात दोन-तीन शिफ्टमध्ये काम करू लागले. या सगळ्याला सोयीचे काय, तर सेटवर नुसता मार्गदर्शक आवाज घ्यायचा आणि पुढे सगळे संवाद डबिंग थिएटरात भरायचे. लोकेशनवर आवाजवाल्याने “थांबा, विमान जातंय” म्हटले की युनिट हसायचे. आमच्यातले कित्येक जण पास झाल्यावर वर्षानुवर्षे डबिंगच्या खोलीत बसले, काही माहितीपटांकडे गेले, काही दूरदर्शनमध्ये.

बाहेर मागणी नाही म्हणून नाग्रा कपाटात ठेवून द्यावा, असे कुणाला वाटले असते तर ते व्यवहाराला धरूनच झाले असते. पण आमच्या वेळी तसे झाले नाही. शिक्षकांनी डायलॉगचे प्रॅक्टिकल थेट आवाजातच करून घेतले, आणि माहितीपट करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ती सवय बाहेर टिकवली.

मग वारे फिरले. २००१ साली ‘लगान’सारखा मोठा चित्रपट भुजजवळच्या माळरानावर, शेकडो माणसे घेऊन, सिंक साउंडमध्ये झाला आणि त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थेट आवाजाने नटाचा अभिनय किती वाढतो, हे निर्मात्यांना ऐकू आले. त्यानंतर सेटवर बूम धरणाऱ्यांची, शांतता मागणाऱ्यांची गरज पडू लागली. २००९ च्या फेब्रुवारीत आपल्याच विभागाचे रसूल पुकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी इयान टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासोबत ऑस्कर मिळाले, तेव्हा साऱ्या देशाला प्रथमच कळले की चित्रपटात आवाज नावाचे वेगळे खाते असते. मुंबईच्या गर्दीत, रस्त्यावर, झोपडपट्टीत थेट आवाज घ्यायचे ते काम. पालखीच्या रस्त्यावर माइक घेऊन चाललेल्या कुणालाही त्याची जातकुळी ओळखू येईल.

म्हणून शाळा आणि उद्योग यांच्या नात्याविषयी सध्या जे बोलले जाते, ते मला अर्धेच पटते. उद्योगाला आज काय हवे ते विचारून मुलांना तयार करावे, हे ठीक. पण उद्योगाला आज जे नको आहे आणि तरी ज्यात सत्त्व आहे, ते हातात जिवंत ठेवणे हेही शाळेचेच काम. चाळीस वर्षांनी मागणी आली तेव्हा देण्यासारखे काहीतरी हातात होते.

माळ्यावरची रिळे

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र खिशात मावते. लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडतात आणि पावसाचा, रेल्वेचा, गर्दीचा तयार आवाज घरबसल्या मिळतो. हे वाईट नाही. आमच्यापैकी कुणी बारा सेल पुन्हा खांद्यावर घेणार नाही. पण तयार आवाजांतली रेल्वे आपली नसते आणि गर्दी मराठी बोलत नाही. आज धंद्याला नको असलेली विद्या कोणती, असे कुणी विचारले तर माझ्या मते ती ही : एका ठिकाणी जाऊन, गप्प उभे राहून, तिथलाच आवाज आणणे.

आणि असे आणलेले आवाज आपल्या घरांत पडून आहेत. माझ्या माळ्यावर पाव इंची टेपची चौदा रिळे निघाली. त्यांत पालखीची तीन, तांबट आळीची दोन, आणि एका गिरणीच्या भोंग्याचे एक आहे. ती गिरणी आता नाही. पैकी दोन डबे उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. असा वास म्हणजे ॲसिटेटची टेप कुजायला लागली आहे. काही टेपांचा लेप चिकट होऊन हेडवर उतरतो. टेप टिकली तरी ती वाजवणारी चांगली यंत्रे आणि ती यंत्रे नीट लावू शकणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या आवारातल्या भांडाराला २००३ साली आग लागून नायट्रेटवरच्या जुन्या चित्रपटांचा मोठा साठा गेला, ते आपल्याला ठाऊक आहे. टेप जळत नाही तशी, ती कुणाला न कळता जाते.

तेव्हा माझी दोन मागणी आहेत, आणि ती या मेळाव्यातच मांडतो. पहिली, प्रत्येकाने आपापला माळा, कपाट, बँकेच्या खोक्याखाली ठेवलेली पेटी तपासावी. जी रिळे सापडतील त्यांच्या डब्यावर ठिकाण, साल आणि काय आहे एवढे तरी लिहावे. नाग्रा लावता येणारे आपल्यात अजून वीस-पंचवीस जण तरी आहोत. आठवडाभर एकत्र बसलो तर बरीच रिळे डिजिटल करून होतील, आणि ते काम सध्याच्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊनच करावे. जुनी टेप वाजवायला शिकणे हे त्यांच्यासाठी चांगले प्रॅक्टिकल होईल.

दुसरी, आपल्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एक दिवस संस्थेला द्यावा. भाषण नको, सत्कार नको. मुलांना घेऊन बाहेर पडायचे. कुणी बाजारात न्यावे, कुणी नदीवर, कुणी सेटवर मागच्या बाकावर बसवावे. येत्या आषाढी वारीत पालख्या पुण्यात येतील तेव्हा मी असेनच. गच्चीची जागा माझ्या गुडघ्यांमुळे मला लागेल, पण दिंडीबरोबर माइक घेऊन चालायला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहायला दोन जण हवे आहेत. नावे मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्यावीत.